उभ्याने चाखलेली वाइन

वरच्या उतारावरच्या वेली सोमवारी सकाळी उपटायच्या, हे ठरल्यात जमा होतं. मशीनवाल्याला सांगून झालं होतं. राहिला होता फक्त आत्याचा होकार. उतार अर्धा बाबांच्या नावावर, अर्धा त्यांच्या या थोरल्या बहिणीच्या. आणि आत्याने आयुष्यात कशालाही पहिल्या झटक्यात हो म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. लग्नालासुद्धा नाही. नवरामुलगा म्हणे फाटकापाशी इतके दिवस उत्तराची वाट बघत उभा राहिला, की त्याच्या टोपीत चिमणीने घरटं केलं आणि पिल्लं उडून गेल्यावरच लग्न लागलं.

अशी ही आत्या रविवारी दुपारी जेवायला येणार होती आणि स्वयंपाक सूनबाईच्या गळ्यात होता.

सूनबाई सकाळपासून आत-बाहेर करत होती. ओव्हनचं दार उघडायची, लावायची. खिडकीशी जाऊन फाटकाकडे बघायची. मग पुन्हा ओव्हन. आत कोकराचा खांदा सातपासून मंद आचेवर होता, लसूण आणि मिरपूड लावून, आणि त्याची चरबी आता ट्रेमध्ये चुरचुरायला लागली होती. धाकटीने, म्हणजे तिच्या नणंदेने, तो सांगून करवून घेतला होता. "वहिनी, तुझ्या हातात आहे सगळं," असंही वर म्हणाली होती. कुणी असं म्हटलं की सूनबाईला हात कुठे ठेवावेत तेच सुचेनासं व्हायचं.

अकराच्या सुमाराला थोरला, म्हणजे तिचा नवरा, मागच्या दाराने आला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी ओट्यावर ठेवलं.

"मासा आहे. ताजा. हाच कर."

"आणि खांदा?"

"आत्याला मांस बंद आहे. डॉक्टरांनी सांगितलंय महिन्यापूर्वी. तुम्ही सगळे विसरलात."

"आणि तुम्हाला बरं आठवलं."

"मोठा आहे घरातला. आठवावंच लागतं," तो म्हणाला आणि नळाखाली हात धुऊ लागला. गरज नसताना, बराच वेळ.

सूनबाईने कागद उघडला. मासा खरंच ताजा होता, डोळे टवटवीत. तिला गेल्या हिवाळ्यातलं जेवण आठवलं. एका हॉटेलात दोघं गेली होती, तिने मासा मागवला होता, थोरल्याने ऐटीत लाल वाइन सांगितली, आणि वाढणारा म्हातारा खाली वाकून हळूच म्हणाला होता, "साहेब, या दोघांचं पटत नाही. तोंडात खिळा धरल्यासारखं होईल." थोरला तेव्हा घरी येईपर्यंत हसत होता.

"अहो, त्या हॉटेलातला वाढपी काय म्हणाला होता, आठवतं?"

"कुठला वाढपी?"

मांजर डोळे मिटून दूध पितं, ते असं. तोच पुढे बोलला, पाठ करूनच. "तीन वर्षं वरच्या उताराची ती वाइन घेऊन मी दारोदार फिरतोय. लोक एक घोट घेतात आणि माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी त्यांच्या बापाला शिवी दिली. सगळीकडे हलक्या, गोडसर वाइनला मागणी आहे. तसल्या वेली लावल्या की निदान माझ्याकडे बघून लोक हसतील तरी. धाकटीचं काय, ती बोलायला मोकळी. नमुन्याच्या बाटल्या परत कोण आणतं? मी."

हे खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

तो गेला आणि सूनबाई त्या माशाकडे बघत उभी राहिली.

आता या घराची एक खोड सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तळघरात पिंपांच्या दोन रांगा, अंगणात बाटल्यांचे डोंगर, माणसांच्या नखांत वर्षभर जांभळा रंग. आणि जेवायच्या टेबलावर मात्र पाण्याचा तांब्या. वाइन हे काम होतं. ती चाखायची तळघरात, भल्या सकाळी, रिकाम्या पोटी, उभ्याने. एक घोट, तोंडात फिरवायचा, वाळूत थुंकायचा, आणि जो सगळ्यांत मोठा तो काय बोलतो ते ऐकायचं. बाबांच्या वडिलांनी हा नियम घातला होता. "वाइन स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे," ते म्हणायचे, "तिला जेवणाची काठी कशाला?" हेच ते गृहस्थ, ज्यांच्या पिंपात एकदा मांजर पडलं आणि बाहेर आलं ते जांभळं होऊन, पुढची नऊ वर्षं त्याने उंदराकडे ढुंकून पाहिलं नाही, नुसतं उन्हात बसून मागच्या वर्षीचं पीक चांगलं की यंदाचं, याचा विचार करायचं.

त्या नियमापुढे वरच्या उताराची काळी, जाड सालीची द्राक्षं वर्षानुवर्षं नापास होत होती. रंग शाईसारखा, वास पिकल्या जांभळाचा आणि जुन्या चामड्याचा; पण घोट घेतला की जीभ टाळूला चिकटायची. तुरट म्हणजे किती तुरट! बाबा थुंकायचे आणि म्हणायचे, "नाही." संपलं.

धाकटी बंदरावरच्या एका रेस्टॉरंटात पाच वर्षं काम करून परत आली होती, आणि तिचं म्हणणं एवढंच होतं, की वाइन वाईट नाही, तिला प्रश्न चुकीचा विचारला जातोय. तिने तळघराची किल्ली मागितली तेव्हा जे रामायण झालं, त्यातही ती हेच ओरडत होती. शेवटी तिने एकच मागणं मागितलं. एक जेवण द्या. सगळ्यांनी बसून. मग खुशाल उपटा, मी बंदरावर परत जाते. तिची बॅग खरोखरच भरलेली होती. सूनबाईने पलंगाखाली बघितली होती. या घरात सूनबाईला "तुला काय वाटतं?" असं विचारणारं ते एकच माणूस होतं.

धाकटी हातात रुंद तोंडाचा जग घेऊन आली. सकाळीच तिने दोन बाटल्या त्यात ओतून ठेवल्या होत्या. "वारा लागला की तिचा राग जरा उतरतो," असं तिचं शास्त्र होतं. ओट्यावरचा मासा दिसला आणि ती जागच्या जागी थांबली.

"दादाने आणला?"

"आत्याबाईंना मांस बंद आहे म्हणे."

"आत्याला कोण काय बंद करणार? तिने दोन डॉक्टर पोचवले."

"तिसऱ्याचं ऐकतात."

तेवढ्यात फाटक वाजलं, आणि अंगणातूनच आवाज आला, "मला मांस वाढाल तर खबरदार! पायऱ्या चढून आलेय, आधीच छाती भरलीय!"

धाकटी स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. "संपलं, वहिनी. माशाबरोबर ती एक घोट घेईल, आणि दुसरा घेणारच नाही. दादाला माहीत होतं."

"वन्सं, तुम्ही बाहेर जा. त्यांना बोलण्यात गुंतवा."

"काय करणार आहेस?"

"मला काय माहीत? जा तुम्ही. जग इथेच राहू दे."

दार लागलं. सूनबाई एकटी उरली; सोबतीला पदार्थ आणि जग. चौदा वर्षांत तिने या घराची वाइन तोंडात घेतली नव्हती. कुणी मनाई केली नव्हती. चाखणीला कुणी बोलावलंही नव्हतं. तिने चहाच्या कपात दोन बोटं वाइन ओतली आणि प्यायली.

बाप रे. हिरड्या आवळल्या गेल्या, जिभेवर कुणी घोंगडी अंथरल्यासारखं झालं. उभ्या चाखणीत बाबा "नाही" का म्हणतात, ते तिला कळलं.

मग तिने माशाचा तुकडा तव्यावर परतला, खाल्ला, वर घोट घेतला. खिळा! म्हातारा वाढपी बरोबर होता. फक्त खिळा गंजलेला होता, हे तो सांगायला विसरला. तिने पाण्याने चूळ भरली. मिरचीचं टोक चावून घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिखट होतं त्याच्या दुप्पट झालं. मधाचं बोट चाटून घेतला, तर वाइन नुसती आंबट, रुसलेली. कडू पाल्याचं पान खाल्लं, तर दोन कडू म्हाताऱ्या एकाच बाकावर बसल्यासारखं वाटलं. बाहेर आत्या कुणालातरी झापत होती. सूनबाई कपाटं उघडत होती, बंद करत होती, कपात दोन-दोन बोटं ओतत होती, आणि तिचे कान गरम व्हायला लागले होते.

खांद्याच्या कडेचा करकरीत, चरबीचा तुकडा तोडून तिने तोंडात टाकला. घोट घेतला.

आणि थांबली.

घोंगडी कुठे गेली? तुरटपणा होता, पण आता तो चरबीशी झुंजत होता, जिभेशी नाही. चरबी निघून गेली, वाइन मऊ झाली, आणि मागून काहीतरी उमललं. जांभूळ, धूर, मिरी. तिने दुसरा घोट घेतला. वन्सं खरं बोलत होत्या. पाच वर्षं बंदरावर राहून कुणी नुसती हवा खाऊन येत नाही.

पण आत्याबाईंचं काय? मांस नाही. मग चरबी कुठून आणायची? तिने मशरूम लोण्यात परतले. नुसते परतून चाखले, तर वाइन उलट खडबडीत. मीठ वाढवलं, जरा नमली. मग फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात, कापडात बांधलेला जुन्या चीजचा गोळा होता, इतका कडक की थोरला त्याने खिळे ठोकायचा. तिने तो किसला, गरम मशरूमवर भरपूर घातला, पाव भाजून त्यावर रचलं, ओव्हनमध्ये सरकवलं. कडा फुगून तपकिरी झाल्या तेव्हा एक घास, एक घोट.

सूनबाईला हसू आलं. एकटीच ओट्याला धरून हसत राहिली.

मासाही तिने केला. छान केला, लिंबू पिळून. वाया कशाला घालवायचा?

टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी जग ठेवला, तर बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी जेवायला घोडा आणून बांधलाय. बाबा कमी बोलायचे. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला धाकटी, तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. थोरला समोर, खुशीत.

सूनबाईने वाढायला घेतलं. बाबांना खांदा. धाकटीला खांदा. आत्याला चीजचे दोन पाव. आणि नवऱ्यापुढे तिने अख्खा मासा ठेवला.

"हे काय?" थोरला म्हणाला.

"तुम्ही हौसेने आणलात ना? तुम्हीच घ्या."

"मी आत्यासाठी आणला होता."

"मला काटे नकोत," आत्या म्हणाली. "या वयात एक काटा घशात अडकला की उतार तुम्हाला फुकट. सूनबाई, हे बरं दिसतंय. हा वास कशाचा?"

"जुन्या चीजचा, आत्याबाई. डॉक्टरांनी चीज बंद केलंय का?"

"त्याला आठवलं नाही, मी आठवण करून दिली नाही."

धाकटीने ग्लास भरले. "आधी घास," ती म्हणाली, "मग घोट. आत्या, बाबा, एवढं ऐका. थुंकायचं नाही."

"जेवताना थुंकायला मी काय उंट आहे?" आत्या म्हणाली आणि घास घेतला.

सगळ्यांनी घास घेतला. सगळ्यांनी घोट घेतला. सूनबाई वाढायचा चमचा हातात धरून उभीच होती.

पहिला आवाज थोरल्याचा. त्याचं तोंड असं वाकडं झालं, जसं कुणी कान पिळलाय. "लोखंड! मी सांगत होतो. बाबा, लोखंड लागतंय! गंज!"

"गंज?" आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग ग्लासकडे. दुसरा घास घेतला, दुसरा घोट. "तुझ्या जिभेला काय झालंय? मखमल आहे ही."

"आत्या, मखमल? ही?"

"मला शिकवतोस? चल, दे तुझा ग्लास." तिने त्याच्या ग्लासातून प्यायली. "तीच आहे. मखमलच आहे."

"एकाच जगातली आहे, दादा," धाकटी म्हणाली. "एकच वाइन. तुझ्या ताटात मासा आहे."

थोरल्याने सूनबाईकडे पाहिलं. तिने नजर चमच्यावर ठेवली.

"हा डाव आहे," तो म्हणाला.

"डावच आहे," आत्या म्हणाली. "पण पत्ता कुणी आणला? कागदात गुंडाळून? मघाशी अंगणात विचारलं, तर म्हणे आत्याची काळजी! माझी काळजी तू शेवटची केलीस तेव्हा तुझे दुधाचे दात होते."

धाकटीला हसू आवरेना. थोरला लाल झाला. "हो, आणला! कारण इथे माझं कोण ऐकतं? हिला नाक आहे, तुला जमीन आहे, बाबांना शेवटचा शब्द आहे. मला काय आहे? परत आलेल्या बाटल्या!"

"दादा, विकताना तू त्यांना बरोबर खायला काय देतोस?"

"खायला? मी काय खानावळ चालवतो? आपल्याकडे पद्धत आहे, नुसती चाखायची!"

ते बोलून झालं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बाबा या सगळ्यात एक शब्द बोलले नव्हते. ते खात होते. घास, घोट, घास, घोट, सावकाश, ताटावरून मान वर न करता. खांदा संपला. त्यांनी पावाच्या तुकड्याने ताटातली चरबी पुसून घेतली, खाल्ली, ग्लास रिकामा केला. मग दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"खालचा उतारही आपण असाच उपटला," ते म्हणाले.

खालचा उतार थोरल्या-धाकटीच्या आईने लावला होता, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, याच काळ्या वेलींच्या काड्या नेऊन. बावीस वर्षं झाली उपटून. ती जाऊनही आता सतरा वर्षं झाली होती.

"ती म्हणाली होती," बाबा म्हणाले, "एकदा जेवताना घेऊन बघा. मी म्हटलं, वाइन म्हणजे काय तोंडीलावणं आहे?" ते रिकाम्या ग्लासकडे बघत राहिले. "तिने पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, पटलं तिला."

आत्याने भावाच्या मनगटावर हात ठेवला. मग पटकन काढून घेतला. "माझा अर्धा राहू दे," ती रुक्षपणे म्हणाली. "तुझ्या अर्ध्याचं तू बघ."

"राहू दे," बाबा म्हणाले आणि खुर्ची मागे सारून बाहेर गेले. खिडकीतून दिसलं, ते खालच्या उताराकडे चालले होते, जिथे आता नुसतं गवत होतं. धाकटी उठून त्यांच्यामागे धावली. जिंकलेल्या माणसासारखी ती मुळीच दिसत नव्हती.

थोरला मागच्या अंगणात गेला. सूनबाईने भांडी गोळा केली, ठेवली, पुन्हा उचलली. आत्या म्हणाली, "जा. मी काही इथून हलत नाही, जग अजून भरलेला आहे."

अंगणात तो फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालत होता. बाटल्यांच्या ढिगापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून ढिगापर्यंत.

"चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या विरोधात गेलीस," तो म्हणाला.

"चौदा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला कुणाला तरी फसवायला सांगितलंत."

"सांगितलं नव्हतं."

"नाही. नुसता ओट्यावर ठेवलात."

तो चालायचा थांबला. "मखमल होती का खरंच?"

"तुमच्यासाठी खांद्याचा मधला तुकडा काढून ठेवलाय. जेवून बघा."

"म्हणजे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाकडे मांस शिजवत फिरू?"

"तुम्ही नाही. मी येईन. चीज चालेल, मशरूम चालतील. मिरची नको, मध नको, कडू पाला तर मुळीच नको. सगळं खाऊन बघितलंय मी."

त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तू प्यायली आहेस?"

"कामापुरती."

त्याला हसायचं नव्हतं; ओठांनी ऐकलं नाही. मग त्याने फोन तिच्यापुढे धरला. "मशीनवाला. मला नाही जमायचं. मीच दहा वेळा सांगितलंय त्याला, उशीर करू नको म्हणून."

सूनबाईने फोन घेतला. पलीकडे इंजिनाची घरघर चालू होती. गडी आदल्या दिवशीच मशीनला तेलपाणी करत असावा.

"उद्या येऊ नका," ती म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"मळ्यावरून बोलतेय."

"साहेब कुठायत? साहेबांनी तर पक्कं सांगितलंय. मशीन तयार आहे. उद्या नाही तर कधी आणू?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने भिंतीकडे पाहिलं.

"मशीन घरीच राहू दे," सूनबाई म्हणाली. "तुम्ही जेवायला या."

पलीकडची घरघर आणखी थोडा वेळ चालू राहिली. मग बंद झाली.

"किती वाजता?" त्याने विचारलं.